पेवातला उजेड

१

नाथाजी भोईट्यांना हल्ली वाटतं, की त्या दिवसांतलं जे आपल्याला आठवतं, त्यातलं निम्मं तरी आपण मागाहून जुळवलेलं असावं. वार आठवत नाही. कंदील कुणाच्या हातात होता, शमशेरभाई आधीपासून तिथं होते की आरडाओरडा ऐकून आले, हेही धड सांगता येत नाही. जन्मभर मोजमाप केलेल्या माणसाला हे लाजिरवाणंच. त्या दुपारी ऊन नव्हतं, एवढी एकच गोष्ट ते छातीवर हात ठेवून सांगतात. आणि तीसुद्धा राहीबाईनं म्हटलं म्हणून.

साल त्र्याहत्तर. भोईटे तेव्हा सांगलीत, विश्रामबागेतल्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. मूळ घर फलटणकडचं, उसाचं. वडील फौजेत सुभेदार. घरातला हा एकच मुलगा शिकत शिकत कॅनडापर्यंत गेला, तिथल्या गोठलेल्या आभाळावर डॉक्टरेट करून आला, आणि वडील अंथरुणाला खिळले म्हणून परतला तो परतलाच. कॉलेजनं त्यांना प्रयोगासाठी कँटीनमागची एक खोली दिली होती. खोलीला खिडक्या दोन, त्यातली एक नीट लागत नसे.

भोईट्यांना हवा होता अंधार. पाच वर्षं ते त्यासाठी झगडत होते.

२

ध्रुवांजवळच्या आभाळात वरून इलेक्ट्रॉनांचा मारा होतो. त्यानं हिरवे-तांबडे पडदे हलू लागतात, त्यांचे फोटो सगळे कौतुकानं बघतात. भोईट्यांना पडद्यांचं अप्रूप उरलं नव्हतं. पडदा विझल्यावर मागे हवेत काय उरतं, हा त्यांचा प्रश्न होता. मारा बसला की नायट्रोजनचे जोडीनं राहणारे अणू सुटे होतात. सुटे झाले की ते ऑक्सिजनला भिडतात आणि नायट्रिक ऑक्साइड तयार होतो. ध्रुवावरच्या लांबलचक हिवाळ्यात हा वायू हळूहळू खाली उतरतो आणि खालच्या ओझोनला खात सुटतो. बहात्तरच्या ऑगस्टात सूर्यावर मोठं वादळ झालं होतं. तेव्हापासून जगात चारपाच ठिकाणी माणसं हाच हिशेब मांडत बसली होती, आणि भोईट्यांना घाई झाली होती.

त्यांची रीत साधी होती. काचेच्या गोळ्यात अगदी विरळ हवा ठेवायची, तिच्यावर इलेक्ट्रॉन सोडायचे आणि मग बंद करायचे. बंद केल्यावरही गोळ्यात पिवळट-हिरवा उजेड काही वेळ राहतो. तो कोणत्या गतीनं विझतो, ते पितळी नळीतल्या प्रकाशमापकानं बघायचं. त्यावरून वायूचा हिशेब निघतो. विझता विझता काटा शून्यावर यायला हवा.

तो येत नसे. शून्याच्या किंचित वर एका खुणेशी येऊन थांबे.

त्यांनी खिडक्यांना काळं कापड ठोकलं, त्यावर कार्बन पेपर चिकटवले, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. शिपायाला विडी ओढायला फाटकाबाहेर धाडलं. काटा तिथंच. लेख परदेशातून परत आला, त्यावर एकच ओळ होती: अंधारात तुमचं यंत्र काय दाखवतं, ते आधी कळवा. भोईटे त्या ओळीवर महिनाभर धुमसत होते. चीड यायची ती ओळ चुकीची होती म्हणून नव्हे. ती बरोबर होती. नळीलाच उजेडाचा भास होत असेल, तर पाच वर्षांचं सगळं काम पाण्यात. आणि खोलीतच उजेड शिरत असेल, तर काम खरं. हे ठरवायला एक पूर्ण अंधारी जागा हवी होती, आणि सबंध सांगलीत ती मिळत नव्हती.

३

जागा मिळाली ती हळदीच्या बाजारात. शमशेर तांबोळी हळदीचे व्यापारी. त्यांचा मुलगा भोईट्यांच्या वर्गात होता आणि नापास होण्यात सातत्य राखून होता.

"डॉक्टर म्हणवता आन् गोळी एक देत न्हाई," असं म्हणून शमशेरभाई त्यांना नेहमी चहा पाजत. त्या दिवशी भोईट्यांनी त्यांना ध्रुवावरचा सगळा प्रकार सांगितला, अंधाराचं रडगाणंही गायलं.

शमशेरभाईंनी बशीतला चहा संपवला. "म्हंजे वरनं काय तरी पडतंय, हवा नासती, आन् ती नासकी हवा खाली उतरती. बरोबर?"

"ढोबळमानानं बरोबर."

"मग त्याला कॅनडा कशाला? आमच्या हरिपूरला या. एक पेव रिकामं हाय माझं."

हरिपुरात हळद जमिनीखाली साठवतात. माणूस जेमतेम शिरेल एवढं तोंड, खाली रांजणासारखं फुगत गेलेलं पोट, भिंतींना शेणमाती, आतून उसाच्या पाल्याचं अस्तर. भरलं की तोंडावर फरशी ठेवून माती लिंपायची. वर्षानुवर्षं हळद आत तशीच राहते. पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नाही. कोंडलेल्या हवेत माणूस दोन श्वासांत आडवा होतो. आधी तोंड उघडं टाकायचं, मग दोरानं पेटता कंदील सोडायचा. खाली कंदील जळत राहिला तर उतरायचं, विझला तर थांबायचं. पोरासोरांनाही हे ठाऊक.

दिवसाढवळ्या मिळणारा इतका गडद अंधार भोईट्यांनी कधी पाहिला नव्हता. ते पेवाच्या तोंडाशी गुडघ्यांवर बसून कितीतरी वेळ खाली बघत राहिले.

४

मे महिना होता. पेव बरेच दिवस उघडंच होतं, हवा चांगली होती. नळी खाली बसवायला गुंडा उतरला. गुंडा म्हणजे शमशेरभाईंचा पेवावरचा गडी, अंगानं काटक, तोंडानं फटकळ. त्याची बायको राहीबाई शेजारच्या छपरात हळकुंडं निवडत बसायची. नळीची तार तोंडातून वर आणून छपराबाहेर एका पेटीला जोडली होती. पेटीत बॅटऱ्या आणि वर काट्याची तबकडी. पेटीपाशी भोईटे, डोक्याला रुमाल बांधून, ऊन खात.

खालून ठोकल्याचे आवाज आले. मग गुंडाचा आवाज, त्या पोटातून घुमून आल्यामुळे जरा मोठ्या माणसाचा वाटणारा.

"लावलं, सर. घट्ट बसलं."

"नळी वर तोंड करून आहे ना?"

"व्हय. या की तुमी बी खाली. लय गार हाय. वर काय उनात बसलाय?" आणि मग पाल्याच्या धुळीनं तो खोकला.

"सरांस्नी खाली बोलावतंय," राहीबाई हळकुंडांतून मान वर न करता म्हणाली. "उद्या म्हनंल, सर, पोतं उचला."

गुंडा वर आला. फरशी बसली, माती लिंपली गेली. भोईट्यांनी बटण दाबलं.

काटा शून्यावर नव्हता. कॉलेजात थांबायचा त्याच्याही वर होता.

५

त्यानंतरचे दिवस भोईट्यांना चिडचिडीचे म्हणूनच आठवतात. सकाळचे तास उरकून ते विश्रामबागेतून सायकल हाणत हरिपूरला येत. फरशीच्या कडेला चीर दिसली की गुंडाला चिखल कालवायला लावत. तार जिथून बाहेर येई तिथं डांबर भरलं. जुना पाला काढून नवा ओला पाला आत लावून घेतला, फटी राहू नयेत म्हणून. गुंडा उतरे, चढे, शिव्या गिळे.

काट्याची एक खोड मात्र त्यांच्या ध्यानात आली. गुंडा आत जाऊन आला की काटा वर असे. मग रोज थोडा थोडा खाली येई, आधी भराभर, मग सावकाश, आणि त्या ठरलेल्या खुणेशी थांबे. ही रेघ भोईट्यांच्या ओळखीची होती. त्यांच्या काचेच्या गोळ्यातला उजेड अगदी असाच विझत असे.

त्यांनी स्वतःची समजूत घातली. जी रेघ गोळ्यात तीच पेवात, याचा अर्थ रेघ नळीच काढते आहे. म्हणजे दोष नळीचा. म्हणजे पाच वर्षं फुकट. हे सरळ होतं, आणि म्हणूनच त्यांना रात्री जेवण जात नव्हतं. माणूस येऊन गेल्यावर पेवात काही उरतं, असं मानण्यापेक्षा आपण मूर्ख आहोत असं मानणं त्यांना शास्त्राला धरून वाटलं.

एकदा राहीबाई म्हणाली, "आवं सर, काल फरशीवर सूप ठेवाय गेले, तर आत कुनी तरी खोकल्यागत वाटलं."

"तुझंच पोट गुरगुरलं असंल," गुंडा म्हणाला. "सकाळधरनं खाती हायस."

"माजं पोट तुज्यागत खोकत न्हाई."

भोईटे म्हणाले, चिखल वाळताना तडतडतो. राहीबाईनं सूप उचललं, गुंडा चिखल कालवायला गेला. त्यांचं समाधान झालं नव्हतं, हे भोईट्यांना दिसलं. आपलंही झालेलं नाही, हे त्यांनी दिसू दिलं नाही.

शेवटी एकच परीक्षा उरली. नळीला पितळी झाकण होतं. कॉलेजात ते लावूनच काट्याचं शून्य जुळवलं होतं, म्हणून तिथं त्यानं काही सिद्ध होत नव्हतं. आता पेवाच्या ओलीत, नळी तिथंच ठेवून, झाकण लावून बघायचं. झाकण असूनही काटा वरच राहिला, तर नळी ओलीनं खोटं बोलते आहे आणि सगळं संपलं. झाकण लावल्यावर काटा शून्यावर पडला, तर नळी खरी. मग पेवात उजेड आहे, कुठून का येईना, आणि पाच वर्षांचं काम जिवंत.

६

पेव बरेच दिवस बंद होतं. सकाळी फरशी काढली तेव्हा ओल्या पाल्याचा आंबूस वास आला. दुपारपर्यंत तोंड उघडं ठेवलं. मग गुंडानं कंदील पेटवून दोरानं सोडला आणि दोर खुंटीला बांधला. सगळे वाकून बघू लागले.

खाली उजेड होता. पिवळा, स्थिर.

"जळतोय की," गुंडा म्हणाला.

भोईट्यांना तो उजेड किंचित हिरवट वाटला. कंदिलाची ज्योत थोडी तरी हलते, हा हलत नव्हता. पण पाच वर्षं एकाच रंगाकडे बघत आलेल्या डोळ्यांवर त्यांचा स्वतःचाच भरवसा नव्हता. 

"दोर बांध कमरेला," राहीबाई म्हणाली.

"कंदील जळतोय न्हवं?"

"जळू दे. बांध."

गुंडानं दोर बांधला, झाकण शर्टाच्या खिशात टाकलं आणि दोराच्या शिडीवरून उतरला. राहीबाई दोर सोडत गेली. भोईटे पेटीपाशी जाऊन बसले. झाकण लागल्याशिवाय बटण दाबायचं नव्हतं. उघड्या नळीवर कंदिलाचा उजेड पडला तर काटा तबकडीच्या पलीकडच्या टोकाच्या खिळ्यावर टक्कन जाऊन आदळला असता.

काही वेळ काहीच ऐकू आलं नाही. एकदा धप्पसा आवाज आला. पाला ढासळला असेल, असं त्यांना वाटलं.

"लावलं, सर. घट्ट बसलं."

भोईट्यांनी बटण दाबलं. काटा हलला नाही. त्यांनी तबकडीवर बोटानं टिचकी मारली, बॅटऱ्या तपासल्या, पुन्हा वाकून बघितलं. काटा शून्यावर होता. नळी खरी होती. त्यांना उठून कुणाला तरी मिठी मारावीशी वाटली, आणि मिठी मारण्याजोगं जवळ कुणी नाही म्हणून ते पेवाच्या तोंडाकडे वळून म्हणाले, "गुंडा, शून्य आलं रे."

"या की तुमी बी खाली," खालून आवाज आला. "लय गार हाय."

ते हसले. खरंच उतरावं, नळी एकदा डोळ्यांनी बघावी, असं त्यांच्या मनात आलं. ते उठून तोंडाशी गेले, कडेवर बसले, पाय आत सोडले. पायांना गारवा लागला. खाली तोच स्थिर उजेड. शिडीची पहिली पायरी त्यांच्या टाचेला लागली.

"वर काय उनात बसलाय?" आणि मग खोकला.

"ऊन?" दोर धरून उभी असलेली राहीबाई म्हणाली. "ऊन म्हनं. सकाळपास्नं ढग हायती, आन् ह्येला..."

ती थांबली. भोईट्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं हातातल्या दोराकडे पाहिलं. दोर एका बाजूला ओढलेला होता आणि मुळीच हलत नव्हता. खाली माणूस बोलतोय, खोकतोय, आणि त्याच्या कमरेचा दोर तसूभर हलत नाही.

"ओढा," भोईटे म्हणाले. त्यांना स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही. "राहीबाई, ओढा. शमशेरभाई!"

तिघांनी दोर ओढला. ओझं आधी जमिनीला चिकटल्यासारखं जड लागलं, मग एकदम सुटलं. त्याच क्षणी मागे पेटीत 'टक' असा आवाज झाला. भोईट्यांनी वळून बघितलं नाही. वळायची वेळ नव्हती.

७

गुंडा वर आला तो मान टाकून. ओठ निळे, छाती चिखलानं माखलेली. शमशेरभाईंनी त्याला पालथा घालून पाठीवर दाबलं, तोंडावर पाणी मारलं. राहीबाई रडत नव्हती. त्याचे तळपाय घासत होती आणि घासता घासता त्याला नावं ठेवत होती. बऱ्याच वेळानं त्यानं घुसमटून श्वास घेतला. त्याला घोंगडीत गुंडाळून बैलगाडीत घातलं, पुढं दवाखान्यात.

भोईटे तिथंच राहिले. कुणीतरी पेव बंद करायला हवं होतं. शमशेरभाईंनी खुंटीचा दोर सोडून कंदील वर ओढला. कंदील विझलेला होता. भोईट्यांनी काचेला हात लावला. काच थंडगार होती.

"आत्ताच विझला असंल," शमशेरभाई म्हणाले.

"हो," भोईटे म्हणाले.

फरशी ओढण्याआधी त्यांनी एकदा खाली पाहिलं. कंदील वर, त्यांच्या पायाशी. खाली उजेड होता, पूर्वीपेक्षा मोठा, आणि त्याला आकार होता. नळीशेजारी, नळी बसवताना गुंडा बसत असे तसं, कुणीतरी उकिडवं बसलं होतं आणि तोंड वर करून बघत होतं. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. फार वेळ उजेडाकडे बघितलं की डोळ्यांत प्रतिमा उरते. हे भोईटे दर वर्षी वर्गात शिकवत आले होते.

"सर, बाजूला व्हा," शमशेरभाई म्हणाले.

"माझी नळी आत आहे."

"ऱ्हाऊ द्या."

"पाच वर्षं, शमशेरभाई. आत्ता कुठं शून्य आलंय."

शमशेरभाई त्यांच्याकडे रागानं बघत नव्हते. "पेव माझं हाय, सर," एवढंच ते म्हणाले. त्याच संध्याकाळी पेव मातीनं भरून टाकलं. तार भोईट्यांनी स्वतः कात्रीनं कापली.

८

लेख पुन्हा गेला नाही. नळीच नव्हती, दुसरीला पैसे नव्हते, आणि ज्या शून्यावर सगळं उभं करायचं, ते शून्य कुणाला दाखवता येण्यासारखं नव्हतं. पुढच्या काही वर्षांत उपग्रहांतून मोजमापं आली. नायट्रिक ऑक्साइड खाली उतरतो, ओझोनला खातो, सगळं इतरांनी छापलं. भोईट्यांनी ते वाचनालयात बसून वाचलं आणि कॉलेजात विजेचे धडे शिकवत राहिले. निवृत्त होऊन फलटणला गेले.

त्या दुपारची फोड त्यांनी आपल्यापुरती करून ठेवली होती. गुंडानं खाली उतरून झाकण लावलं. बोलला. चेष्टेची सवय होती म्हणून तेच ते बोलला, ढग विसरला. नंतर हवेनं त्याला गाठलं. कंदील तेव्हाच विझला. दोर हलला नाही, कारण तो बसूनच बोलत होता. 'टक' म्हणजे काही तरी पडलं असेल. या फोडीत चूक काढता येत नव्हती. तरीही ते रोज एकदा ती तपासत, आणि रोज त्याच जागी अडत. धप्प आवाज आधी आला होता, का बोलणं आधी? त्यांची आठवण काही सांगेना.

मग एका हिवाळ्यात फलटणच्या बसस्टँडवर गुंडा भेटला. पेवाचं काम त्यानं तेव्हाच सोडलं होतं. आता साखर कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी होता. केस पांढरे, तोंड तसंच.

"भोईटेसर न्हवं? आवं, किती वाळलाय. घरी चला, राही लय आठवन काढती."

कारखान्याच्या चाळीतली खोली. राहीबाईनं चहा टाकला. इकडचं तिकडचं झालं. मग भोईट्यांनी विचारलं, फार सहज असल्यासारखं, "गुंडा, त्या दिवशी खाली काय काय बोलला होतास, आठवतं?"

"बोलायचं कुठलं, सर? शिडीवरनं पाय टेकला, डोळ्यापुढं अंधारी आली, आन् गेलो त्या नळीवरच पालथा. डायरेक दवाखाना." त्यानं शर्टाची बटणं सोडली. "ह्यो बघा, तुमच्या नळीनं शिक्का मारलाय. पितळंची कड लय धारंची हुती."

छातीच्या मधोमध एक गोल वण होता. पांढरा, पूर्ण, कुठं तुटलेला नाही.

राहीबाई चुलीपासून उठली नाही. चुलीत बघत म्हणाली, "मी ऐकलं हुतं, सर. मी ह्येला कदी सांगितलं न्हाई."

भोईट्यांनी कप खाली ठेवला. "आणि झाकण? झाकण लावलं होतंस ना?"

"खिशातच ऱ्हायलं की. दवाखान्यातल्या बाईनं कापडं परत दिली, त्यात निघालं. हिच्या मिसरीच्या डबीवर बसलंय तवापास्नं. तुमचं हाय, घेऊन जावा पायजे तर."

डबी खिडकीत होती. भोईट्यांनी झाकण काढलं, मिसरी झटकली, आणि ते गुंडाच्या छातीवर टेकवून पाहिलं. वण झाकणाच्या आत काठोकाठ बसला.